एका क्रियापदाचें ओझें

परकी भाषा शिकणाऱ्यास नामें फारसा त्रास देत नाहींत. एकदां पाठ झालीं कीं तीं निमूटपणें आपल्या जागीं उभीं राहतात. क्रियापदांचें तसें नाहीं. एका वाक्यांत तीं हमाली करतांना दिसतात, आणि पुढच्याच वाक्यांत वेदान्त सांगूं लागतात. अशाच एका इंग्रजी क्रियापदानें आम्हांला बाळपणीं जो धडा दिला, तो साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी विसरतां आलेला नाहीं. तें क्रियापद म्हणजे 'टु बेअर'.

शाळेंत हा शब्द आम्हांला प्रथम भेटला तो अस्वल होऊन. चित्रांतल्या त्या केसाळ प्राण्याचें नांव पाठ होतें न होतें तोंच तीं चार अक्षरें क्रियापदाचा वेष घेऊन पुढें आलीं. 'हमालाच्यानें हें ओझें नेववत नाहीं' अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य फळ्यावर होतें. आमच्या एका सोबत्यानें त्याचें भाषांतर केलें, 'हमाल हें ओझें अस्वल शकत नाहीं!' वर्ग खो खो हंसला. मास्तरही हंसले व म्हणाले, "अरे, अस्वलाला रानांत जाऊं दे. बेअर म्हणजे वाहून नेणें. तुझी आई विहिरीवरून हंडा आणते ना? मग काल तिनें तो 'बोअर' केला. या शब्दाला दुसरेही अर्थ आहेत, ते पुढच्या वर्षीं पाहूं." आम्हीं वहींत लिहून घेतलें, 'बेअर, बोअर, बोर्न : वाहून नेणें.' शेजारीं हंड्याचें एक चित्रही काढलें.

पुढचें वर्ष उजाडण्यापूर्वींच, १९६२ सालच्या पावसाळ्यांत, घरीं एक इंग्रजी पत्र आलें. आमचे धाकटे मामा कलकत्त्यास नोकरीला होते. ते आजारी असल्याचें महिन्यापूर्वीं कळलें होतें. तेव्हांपासून आईचें लक्ष दाराकडे असे. पत्र मामांच्या वरिष्ठांचें होतें. वडील फिरतीवर गेलेले. घरांत इंग्रजी जाणणारे असे आम्हीच. आई हात पुसत बाहेर आली व म्हणाली, "वाच रे बाळ, भाऊचें कसें आहे?"

पत्रांतले बरेचसे शब्द आमच्या आटोक्याबाहेरचे होते. ते कचेरींतल्या लोकांचे शिष्टाचार असावेत असें समजून आम्हीं ते ओलांडले. मात्र एक वाक्य अगदीं ओळखीचें निघालें, 'ही बोअर हिज लास्ट इलनेस विथ ग्रेट करेज.' 'लास्ट इअर' म्हणजे गेलें वर्ष, तेव्हां 'लास्ट इलनेस' म्हणजे गेलें आजारपण. आणि 'बोअर' तर आमच्या वहींत चित्रासह होतें. हंडा वाहून नेला म्हणजे घरीं आणून उतरविला. आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "मामांनीं गेलें आजारपण मोठ्या धीरानें पार नेलें, असें साहेब लिहितात."

आईनें देवापुढें साखर ठेवली. चिमूटभर आमच्या हातावर ठेवून म्हणाली, "तुझें इंग्रजी आज कामाला आलें हो!"

तीन दिवसांनीं वडील परतले. त्यांनीं तें पत्र उभ्यानेंच वाचलें आणि मग ते ओट्यावर बसले. मृत्यूची तार आमच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. ती पोचलीच असेल असें समजून साहेबांनीं हें सांत्वनाचें पत्र लिहिलें होतें; म्हणून त्यांत मरण हा शब्द कोठेंच नव्हता. 'लास्ट' म्हणजे 'गेलें' नव्हे, 'शेवटचें'. आणि 'बोअर' म्हणजे 'पार नेलें' नव्हे, 'सोसलें'.

आई आम्हांला एका शब्दानेंही बोलली नाहीं. बऱ्याच दिवसांनीं एकदां दळण निवडतांना ती आपण होऊन म्हणाली, "तीन दिवस भाऊ माझ्यापुरता बरा होता. तेवढें तुझ्यामुळें मिळालें." साखरेची आठवण मात्र तिनें कधीं काढली नाहीं, आम्हींही नाहीं.

पुढें कॉलेजांत संस्कृत घेतलें, तेव्हां आमच्या चुकीला शास्त्रोक्त नांव मिळालें. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशां'त लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही सांगितली आहे. शब्दाचा सरळ अर्थ वाक्यांत बसेनासा झाला, कीं त्याच्याशीं संबंध असलेला दुसरा अर्थ शोधावयाचा. आजार कांहीं डोक्यावर घेऊन चालतां येत नाहीं, हें आम्हीं त्या दिवशीं क्षणभर थांबून पाहिलें असतें, तर मुख्यार्थाचा बाध तेथेंच दिसला असता. पण आम्हांला सरळ अर्थ तेवढा खरा, आणि दुसरा म्हणजे कवींची चैन, असें वाटत असे.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळांतून निघाल्या असाव्या, असें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास सांगितलें. पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिम यांनीं ध्वनींचे जे नियम मांडले, त्यांप्रमाणें संस्कृतांतल्या 'भ'च्या जागीं इंग्रजींत 'ब' येतो. भ्राता तो ब्रदर. आणि 'भृ' धातु तो 'बेअर'. म्हणजे ज्या शब्दानें आम्हांला फसविलें तो परका नव्हताच. भार, भर्ता, भार्या हे सारे त्याचेच सगेसोयरे. शिवाय आमचें मराठी 'वाहणें' तरी काय करतें? भारा वाहतात, काळजी वाहतात, संसाराची धुरा वाहतात आणि देवाला फूलही वाहतात. आईला यांपैकीं एकही अर्थ कोणी शिकविला नव्हता.

इंग्रजींत तर जन्मालाही हेंच क्रियापद लागतें. आपण मराठींत 'मी जन्मलों' म्हणतों, जणूं कांहीं तो आपलाच पराक्रम! इंग्रजीचें 'आय वॉज बॉर्न' हें मात्र मुळांत कर्मणि आहे. वाहणारी दुसरी, आपण केवळ वाहिले गेलेले.

तेव्हां वाच्यार्थ व लक्ष्यार्थ यांतला आम्हांला कळलेला भेद एवढाच : वाहिलेला हंडा घरीं आल्यावर उतरतो, सोसलेलें उतरतेंच असें नाहीं. मामांचें उतरलें नाहीं. आईचेंही, आमच्या समजुतीप्रमाणें, अखेरपर्यंत उतरलें नाहीं.

तारेची सोय आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झाली, आणि शब्दांचे अर्थ आतां मुलांना खिशांतल्या यंत्रावर क्षणांत सांपडतात. परवां नातीनें विचारलें, "आजोबा, बेअर म्हणजे वाहणें कीं सोसणें? येथें दोन्ही दिलें आहे." आम्हीं चष्मा काढून पुसला आणि म्हटलें, "बाळ, अगोदर सगळें पत्र वाच, मग सांग."

"पत्र कुठलें, आजोबा? हा तर धडा आहे," ती म्हणाली. तिचें बरोबर होतें.