टाकीवर यश लिहिणारी काउंटी

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची मुलं अटलांटाजवळ राहतात, त्यांना ग्विनेट हे नाव नवीन नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण आकाराने एखाद्या तालुक्याएवढा, आणि कारभार कलेक्टरकडे नाही, लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे. ग्विनेट ही अटलांटाच्या ईशान्येची काउंटी. आमची लेक आणि जावई तिथे घर घेऊन राहिले आहेत. यंदा आम्ही दोघं त्यांच्याकडे सहा महिने राहून आलो.

मी मराठवाड्यात एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याची नोकरी केली. त्यामुळे कुठल्याही गावात गेलो की माझी मान आधी वर जाते, टाकी शोधायला. ग्विनेटमध्ये सगळ्यांना आठवणाऱ्या दोन टाक्या आता जागेवर नाहीत. नॉरक्रॉसजवळ, अटलांटाहून येणाऱ्या ८५ नंबरच्या महामार्गालगत त्या जोडीने उभ्या होत्या. एकीवर लिहिलेलं होतं ‘ग्विनेट इज ग्रेट’ आणि दुसरीवर ‘सक्सेस लिव्हज हिअर’, म्हणजे यश इथे राहतं. आपल्याकडे टाकीवर नगराध्यक्षांचं नाव असतं, नाहीतर सिमेंटची जाहिरात. पाण्याच्या टाकीवर अख्ख्या गावाने स्वतःचं कौतुक लिहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गरज संपली म्हणून २०१० साली त्या पाडल्या. लेकीच्या समोरच्या घरातले आजोबा अजून त्यांच्याबद्दल हळहळतात.

कौतुक अगदीच फुकाचं नव्हतं. १९७० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या होती ७२ हजार. २०२० मध्ये ती झाली ९ लाख ५७ हजार. पन्नास वर्षांत तेरापट! त्याआधी इथे शेती होती आणि ब्यूफोर्ड गावात चामड्याचा मोठा कारखाना होता, घोड्यांची खोगिरं करणारा. मग महामार्ग आला, शहरापेक्षा जमीन स्वस्त होती, कंपन्या आल्या आणि कंपन्यांमागून घरं आली. १९८० च्या दशकात काही वर्षं ही देशातली सर्वात वेगाने वाढणारी मोठी काउंटी म्हणून ओळखली गेली. १९८४ मध्ये ग्विनेट प्लेस नावाचा भला थोरला मॉल उघडला. तो पुढे ओस पडला. तुमच्या घरातल्या मुलांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिली असेल, तर तिच्या तिसऱ्या पर्वातला मॉल म्हणजे हाच. चित्रीकरणासाठी मोकळा मॉल मिळाला, यात सगळं आलं. त्याचा बराचसा भाग २०२१ मध्ये काउंटीनेच विकत घेतला.

काउंटीचं नाव कुणाचं म्हणाल, तर बटन ग्विनेट यांचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. १७७६ मध्ये सही केली आणि पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धात गोळी लागून गेले. त्यांच्या सह्या इतक्या थोड्या उरल्या आहेत की संग्राहक त्यांसाठी वाट्टेल ती किंमत मोजतात. काउंटी मात्र त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, डिसेंबर १८१८ मध्ये झाली. ज्या जमिनीवर झाली ती चेरोकी आणि क्रीक या मूळ लोकांची होती. २०१८ मध्ये तिला दोनशे वर्षं पूर्ण झाली.

या दोनशे वर्षांतला सगळ्यात मोठा बदल गेल्या तीस-चाळीस वर्षांतला, आणि तो माणसांचा आहे. १९७० मध्ये इथे जवळजवळ सगळे गोरे होते. आज कुठल्याही एका गटाला बहुमत नाही. डुलुथ गावात पाट्या कोरियन भाषेत दिसतात. लिलबर्नमध्ये २००७ पासून स्वामिनारायण मंदिर उभं आहे, ते पाहायला सगळ्या रंगांची माणसं येतात. मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही छापावी लागते. काउंटीच्या मंडळावर मात्र २०१८ च्या निवडणुकीपर्यंत फक्त गोरेच निवडून येत होते. त्या वर्षी चिनी वंशाचे एक सदस्य आणि कृष्णवर्णीय महिला सदस्य आल्या. २०२० मध्ये निकोल लव्ह हेंड्रिक्सन या अध्यक्षपदावर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती ठरल्या. इथली सरकारी शाळाव्यवस्था राज्यात सर्वात मोठी. शहरी भागांतल्या शाळांसाठीचं देशातलं मोठं मानाचं ब्रॉड पारितोषिक तिला २०१० मध्ये मिळालं, २०१४ मध्ये पुन्हा विभागून मिळालं. आमच्या नातवाच्या वर्गात घरी इंग्रजी न बोलणारी इतकी मुलं आहेत की त्याला मराठी येतं याचं कुणाला अप्रूपच नाही. ते मला सगळ्यात आवडलं.

पण मला सांगायचंय ते पाण्याबद्दल.

इतकी माणसं आली म्हणजे पाणी लागणार. ग्विनेटचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं लॅनियर तलावातून येतं. हा तलाव नैसर्गिक नाही. १९५० च्या दशकात चॅटाहूची नदीवर ब्यूफोर्ड धरण बांधलं, त्यात शेतं बुडाली, माणसं उठली. आपल्याला हे सांगायला नको. ही नदी पुढे जॉर्जिया आणि अलाबामा यांच्या सीमेवरून वाहत फ्लोरिडात समुद्राला मिळते. म्हणजे वरच्याने किती उचलायचं आणि खालच्याला किती सोडायचं, हे भांडण आलंच. कृष्णा-कावेरीची भांडणं पेपरात वाचत मोठे झालेल्या आपल्याला त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटेल. फ्लोरिडाची तक्रार अशी की गोडं पाणी कमी आल्याने खाडीतली कालवं मरतात.

२००७ मध्ये इथे मोठा दुष्काळ पडला. बागांना पाणी घालायला बंदी झाली. नोव्हेंबरमध्ये राज्याचे गव्हर्नर सनी परड्यू यांनी राजधानीतल्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर पावसासाठी जाहीर प्रार्थना केली. मी हे वाचलं तेव्हा गावोगावचे बेडकाचे लग्न आठवले. मग जुलै २००९ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की हा तलाव मुळात पाणीपुरवठ्यासाठी बांधलेलाच नाही, तीन वर्षांत मार्ग काढा, नाहीतर उपसा जुन्या पातळीवर आणावा लागेल. विचार करा, आठ लाख लोकांच्या नळाला लावलेली ही तारीख! २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि फ्लोरिडाचा दावाही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. पण ती दोन वर्षं इथल्या अधिकाऱ्यांची झोप उडाली असणार. पाण्याची गाडी वेळेवर येईल की नाही या काळजीत मी रात्री काढल्या आहेत. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो.

ग्विनेटने मात्र एक काम त्याआधीच हाती घेतलं होतं. एफ. वेन हिल यांच्या नावाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. त्याची क्षमता दिवसाला ६ कोटी गॅलन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे २२ कोटी ७० लाख लिटर. आपल्याकडे शुद्धीकरण म्हटलं की पाणी गाळलं, हवा मारली, क्लोरीन टाकलं आणि नाल्यात सोडलं, तेही केंद्र चालू असेल तर. इथे त्याच्यापुढे सूक्ष्म पडद्यांतून गाळणं आहे, ओझोन आहे, सक्रिय कार्बनचे थर आहेत. पाण्यातला फॉस्फरस काढतात, कारण तो तलावात गेला की शेवाळ माजतं. त्याचं पुढे खत होतं. आणि हे सगळं करून त्यातलं बरंचसं पाणी नळाने परत लॅनियर तलावात नेऊन सोडतात. जिथून उचललं, तिथेच परत.

हे सहज झालं नाही, आणि त्याचं श्रेय एकट्या काउंटीला देता येत नाही. तलावाकाठच्या लोकांनी विरोध केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तुमची यंत्रणा याहून स्वच्छ पाणी देऊ शकते, मग परवान्यात ढिलाई कशाला, असा २००४ च्या निकालाचा रोख होता. निकष आणखी कडक झाले आणि अखेर २०१० मध्ये पाणी तलावात जाऊ लागलं. त्याच वर्षी त्या दोन टाक्या पाडल्या. टाक्यांच्या पाडकामाचे लोकांनी फोटो काढले. सांडपाण्याच्या नळाचे कोण काढणार?

जावयाने एका रविवारी मला त्या केंद्राच्या बाजूने नेलं. बाहेरून पाहण्यासारखं काही नाही, कुंपण आणि झाडी. शेजारी आता पाण्यावर संशोधन आणि प्रशिक्षण देणारी एक संस्था काढली आहे. तिचं नाव ‘द वॉटर टॉवर’, पाण्याची टाकी! मी गाडीतून उतरून दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. जावई म्हणाला, “बाबा, अटलांटात एवढं मोठं मत्स्यालय आहे, तिथे तुम्ही अर्ध्या तासात कंटाळलात.” तुम्ही कधी ग्विनेटला गेलात आणि कुणी तुम्हाला इथलं वैभव दाखवायला लागलं, तर मोठ्या घरांवरून पुढे चला आणि हे कुंपण बघा.

पैसा कुठून येतो, हेही विचारून घेतलं. पाण्याचं आणि सांडपाण्याचं बिल प्रत्येक घराला मापाने येतं, आणि ते चांगलं घसघशीत असतं. रस्ते, बागा, ग्रंथालयं यांच्यासाठी विक्रीकरात डॉलरमागे एक सेंट जादा द्यायचा की नाही, हे लोक दर काही वर्षांनी मत देऊन ठरवतात, आणि बहुतेक वेळा हो म्हणतात. स्वतःवर कर बसवून घ्यायला लोक रांगेत उभे राहतात, हे आमच्या हिला पटेचना.

आता हिच्याबद्दल. हिने सहा महिने बाथरूममध्ये एक बादली भरून ठेवली. चोवीस तास नळाला पाणी आहे हे हिला दिसत होतं, पण हात ऐकत नव्हते. लेक हसायची आणि बादली ओतून द्यायची, ही परत भरायची. हिची खरी अडचण वेगळी होती. लेकीच्या घरापासून सगळ्यात जवळचं दुकान दोन किलोमीटरवर. मधे सहा पदरी रस्ता आणि बऱ्याच पट्ट्यात फुटपाथ नाही. आपल्याकडे ही रोज भाजीला, देवळात, मैत्रिणीकडे पायी जाते. इथे लेक-जावई कामावर गेले की संध्याकाळपर्यंत खिडकी. एवढ्या यशस्वी काउंटीत मोटार नसलेला माणूस लहान मुलासारखा होतो, कुणीतरी नेल्याशिवाय कुठे जाता येत नाही.

अटलांटाची मेट्रो ग्विनेटच्या वेशीपर्यंत येते आणि थांबते. डोराव्हिल हे शेवटचं स्टेशन शेजारच्या काउंटीत आहे. १९७१ मध्ये या सार्वजनिक वाहतुकीत सामील व्हायचं का, यावर मतदान झालं, लोक नाही म्हणाले. कर नको होता, आणि अटलांटातले कृष्णवर्णीय लोक आपल्याकडे येतील अशी भीतीही होती. हे आता तिकडे उघडपणे लिहिलं जातं. १९९० मध्ये पुन्हा नाही. २०१९ मध्ये नाही. २०२० मध्ये सुमारे हजार मतांनी हुकलं. २०२४ मध्ये पुन्हा नाही. आज तिथे सगळ्या वंशांचे लोक आहेत, तरी उत्तर तेच. तेव्हा जुन्या भीतीवर सगळं ढकलून चालणार नाही.

२०२४ च्या प्रस्तावात तीस वर्षं एक सेंट जादा कर होता आणि बोलावल्यावर जवळपास येणारी छोटी बस काउंटीभर मिळणार होती. लेकीकडे अजून ग्रीन कार्ड आहे, मत नाही. जावई नागरिक झालाय, त्याने विरोधात मत दिलं. जेवताना विषय निघाला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “माझ्या ऑफिसची वाट त्यात नव्हती, आई. तीस वर्षं कर कशासाठी भरायचा?” मुलगा सरळ आहे, हिशेबाने बोलला. हिने त्याला पोळी वाढली आणि विचारलं, “आणि आम्ही कायमचं राहायला यायचं म्हणता, ते कसं फिरायचं?” लेक त्याच्याकडे बघत होती. तो काही बोलला नाही, आणि मीही नाही. सांडपाण्याच्या नळाला हो म्हणणारी माणसं बसला नाही का म्हणतात, याचं माझं उत्तर एवढंच: नळ प्रत्येकाच्या घरातून जातो, बस फक्त माझ्या सासूला लागते.

आम्ही परत आलो त्याला दोन महिने झाले. लेकीचा आग्रह कायम आहे. लॉरेन्सव्हिलमध्ये तशी छोटी बस आधीच धावते आणि जुन्या कोर्टाच्या चौकाभोवती दुकानं, बाकं, झाडं पायी फिरण्यासारखी केली आहेत. मागच्या आठवड्यात जावयाचा फोन आला, त्या चौकाच्या आसपासची दोन घरं पाहून आलाय म्हणाला. आताच्या घरापेक्षा लहान आहेत आणि ऑफिस वीस मिनिटं लांब पडेल. हिने फोनवर हो-नाही काही म्हटलं नाही. कोथिंबीर चालत आणता येते का, एवढं विचारून घ्यायला सांगितलंय.