सातशे एकोणतीस पापुद्रे

अंबाजोगाईला सगळे आहे, फक्त रेल्वे नाही. आणि घाटनांदूरला रेल्वे आहे, फक्त बाकीचे सगळे यायचे आहे. योगेश्वरीचे देऊळ तिकडे, मेडिकल कॉलेज तिकडे, मुकुंदराज आणि दासोपंतही तिकडेच. पण अंबाजोगाईकराला गाडी धरायची झाली की बोचके घेऊन आमच्या फलाटावर यावे लागते, आणि तेवढा वेळ आमची मान ताठ असते. दुःख एवढेच, की परळी-विकाराबाद मार्गावरच्या गाड्या आमच्याकडे माणसे उतरवतात, पॅटिस उतरवत नाहीत.

पॅटिस म्हणजे कुठले, ते आधी सांगितले पाहिजे. रगड्यात बुडून येते तेही पॅटिस, उपासाला चालते तेही पॅटिस, आणि बेकरीच्या काचेआड सोनेरी पोट फुगवून बसते तेही पॅटिसच. या मंडळींचे आपसात नाते काही नाही, नुसते आडनाव एक. मी म्हणतो ते बेकरीतले. हैदराबादकडे त्याला पफ म्हणतात. 1948 पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तरी हैदराबादचा हा पफ काही घाटनांदूरपर्यंत पोचला नाही. आणि बाहेरून आणावे म्हटले, तर एसटीच्या मागच्या सीटवर पॅटिस घेऊन बसलेला माणूस घाटनांदूरला उतरतो तेव्हा त्याच्या पुड्यात पोहे असतात.

असे असताना आमच्या शाखेत पॅटिसचा विषय निघाला तो मामांमुळे. मामा म्हणजे आमचे शिपाई. 33 वर्षे त्यांनी या शाखेत चहा आणला, लेजर उचलली, शिक्के मारले आणि नव्या साहेबांना जुन्या थकबाकीदारांची घरे दाखवली. ते 31 मे रोजी निवृत्त होणार होते. ही तारीख ऐकून कोणालाही नवल वाटले नाही. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म 1 जूनला झालेला आहे. आईला आठवत असायचे की पोर झाले तेव्हा ज्वारी कापणीला आली होती. पण शाळेच्या रजिस्टरात ज्वारीचा रकाना नसल्यामुळे हेडमास्तर 1 जून लिहून मोकळे होत. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दर 31 मेला महाराष्ट्रभर कचेऱ्यांतून हारांचा तुटवडा पडतो.

निरोप समारंभाची बशीही अशीच ठरलेली असते : एक पेढा, एक केळे, मूठभर चिवडा. मॅनेजरसाहेबांनी मन मोठे करून समोसा मंजूर केला. कोणीतरी सहज मामांना विचारले, "मामा, तुम्हांला काय आवडेल?" 33 वर्षांत हा प्रश्न मामांना कोणी विचारला नव्हता, म्हणून ते आधी मागे वळून पाहू लागले. मग म्हणाले, "ते पापुद्र्या-पापुद्र्याचं असतंय की, बेकरीतलं. आत भाजी असती. तसलं काही जमलं तर बघा साहेब. नाही तर ऱ्हाऊ द्या."

मग कळले ते असे. बारा वर्षांपूर्वी मामा पोराच्या परीक्षेसाठी पुण्याला गेले होते. तिथे दोन पॅटिस घेतली. एक बापलेकांनी अर्धे अर्धे खाल्ले, दुसरे वर्तमानपत्रात बांधून मामींसाठी आणले. रात्रभराच्या प्रवासाने त्याचे जे व्हायचे ते झाले. मामींनी ते चमच्याने खाल्ले आणि म्हणाल्या, "चव झाक हाय. पण हे दिसतंय तरी कसं?" या प्रश्नाचे उत्तर मामांना तोंडी देता आले नव्हते.

मी हे घरी सांगितले. सौ.ने ऐकून घेतले, पदर खोचला आणि विचारले, "किती माणसं?" माहेरी लातूरला असताना तिने आठ दिवस बेकरीचा क्लास केला होता. आमच्या लग्नानंतर त्या विद्येला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळत होते. साठ पॅटिस ठरली. दोन किलो मैदा, सव्वा किलो लोणी, मीठ, लिंबाचा रस आणि गार पाणी. एवढ्यावर हा पदार्थ होतो हे ऐकून मला बरे वाटले. मी कॉमर्सचा पदवीधर, मला जमेची बाजू लहान असलेली आवडते.

पण खरा कारभार पुढे आहे. मैद्याच्या गोळ्याची जाड पोळी लाटायची, तिच्यात लोण्याची वडी पाकिटासारखी बंद करायची, लांब लाटायचे, धोब्यासारखी तीन पदरी घडी घालायची. गार जागी अर्धा तास विश्रांती. मग आडवे फिरवून पुन्हा लाटायचे, पुन्हा तीन पदरी घडी. असे सहा वेळा. मी सवयीने हिशेब मांडला : 3, 9, 27, 81, 243, 729. सहा घड्यांत एका लोण्याचे 729 थर! म्हणजे दोनशे टक्के दराने चक्रवाढ. इतका दर आमच्या भागातल्या सावकारालाही झेपला नसता, आणि सौ. तो लाटण्याने वसूल करत होती.

अडचण होती हवेची. लोणी 35 अंशांच्या आतच विरघळते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लोणी वितळून मैद्यात मुरले की थर संपले. राहते ती जाड दशमी. फ्रीजवर भिस्त ठेवावी तर वीज मेमध्ये पाहुण्यासारखी येते. म्हणून सौ. पहाटे तीनला उठली. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर रात्रभर ओली चादर अंथरली होती, कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फाची लादी आणून घमेल्यात ठेवली होती. माझ्याकडे पंख्याने वारा घालायचे आणि न बोलायचे काम होते. पहिले मी उत्तम केले.

चारला आई उठली. "काय करायलीस गं पहाटं पहाटं?"

"पॅटिसच्या घड्या."

आईने वाकून पाहिले. "मग चिरोट्यालाच साटा लावायलीस की! इंग्रजी नाव कशाला?" आणि तिचे खोटे नव्हते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा दोन पोळ्यांमध्ये बसतो आणि त्यांना एकजीव होऊ देत नाही. लोणी तेच करते. फरक एवढाच, की चिरोट्याचे पापुद्रे बोटांवर मोजता येतात आणि तो तुपात उमलतो, तर पॅटिस कोरड्या आगीत. सहावी घडी पाहून मात्र आई म्हणाली, "ही दासोपंताची पासोडी झाली बाई."

अंबाजोगाईला दासोपंतांची ती पासोडी आहे : सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहिलेले पंचीकरण. पंचमहाभूतांचे शास्त्र. मी वारा घालता घालता विचार केला, की पॅटिस तरी दुसरे काय आहे? मैदा ही पृथ्वी, त्यातले पाणी हे आप, भट्टी हे तेज, वाफ हा वायू आणि दोन पापुद्र्यांमध्ये दाताला लागते ती पोकळी म्हणजे आकाश. लोण्याला पंचमहाभूतांत जागा नाही. पण पॅटिस काय आणि बँकेतला माणूस काय, लोण्यावाचून वर चढत नाही.

भाजी बटाट्याचीच, पण कोरडी परतलेली, काळा मसाला घालून, आणि पूर्ण गार केलेली. गरम भाजी आत गेली तर लोणी भट्टीआधीच पाघळते. आता साठ पॅटिस घरच्या ओव्हनमध्ये नऊ-नऊच्या हप्त्यांनी कधी भाजणार? शिवाय सहाला वीज गेली. तेव्हा आम्ही ट्रे घेऊन थेट गल्लीतल्या भट्टीवाल्या चाचांकडे गेलो. चाचा पाव, टोस्ट आणि नानकटाई करतात. तरुणपणी ते हैदराबादला कामाला होते. त्यांनी एक पॅटिस उचलून कडेने पाहिले, बोटाने पापुद्रे चाचपले, आणि सौ.कडे पाहून मान हलवली. ही मान आमच्या हेड ऑफिसने कोणालाही कधी हलवलेली नाही.

भट्टीचे दार लागल्यावर मला आत डोकवायचे होते. चाचा म्हणाले, "देखने का नै साहब. सूंगने का." कारण सरळ आहे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. ती बाहेर पडायला धडपडते आणि जाता जाता एकेक थर उचलते. मध्येच दार उघडले, गार हवा शिरली, की वर निघालेले सगळे खाली बसते. पंचवीस मिनिटांनी दार उघडले, तेव्हा पैशाएवढ्या जाडीची पट्टी चार बोटे उंच झाली होती.

संध्याकाळी शाखेत मामा साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसले. मामी शाखेत पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांच्यापुढे बशी ठेवली. त्यांनी पॅटिस सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले आणि हळूच मामांना विचारले, "ह्याला तोडायचं कुठून?"

याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. पॅटिस प्रतिष्ठेने खाता येत नाही. मॅनेजरसाहेब भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या टायवर किमान शंभर पापुद्रे होते. कॅशियर ओंजळ धरून खात होता. फरशीवर असा सडा पडला, की मामा सवयीने झाडू आणायला उठले.

मामींनी त्यांचा हात धरला. "बसा की आता," त्या म्हणाल्या. "उचलंल कुणीतरी."

मामा बसले. आम्ही उचलले.