मिळालं, दिलं

भिगवणच्या मासळी बाजारात पहाटे लिलाव सुरू व्हायच्या आत चिलापी मोजायच्या, हे माझ्या पीएच.डी.चं निम्मं काम. "मॅडम, मासा मोजताय का भाव पाडताय?" असं व्यापारी विचारायचे. आफ्रिकेतून आलेल्या या माशानं उजनी धरणात बस्तान कसं बसवलं, हा माझा विषय. एस.टी.नं बारामतीला परतले की अंगाला वास यायचा. बाई तशीच समोर बसवून घ्यायच्या आणि आधी वही मागायच्या.

बाई म्हणजे माझ्या गाईड. गाईडच्या मुलांना क्लासला सोडणं, वीजबिल भरणं, पेपर तपासून देणं हीसुद्धा संशोधनाचीच कामं, असं मी मैत्रिणींकडून ऐकून होते. बाईंकडे मी चहाची कपबशी विसळायला उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली.

प्रबंधाचं प्रकरण हातात पडलं की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्या 'मिळालं' लिहून तारीख टाकायच्या, परत देताना खाली 'दिलं' आणि तारीख. उशीर झालाच, तर तो त्यांच्याच अक्षरात दिसायचा. यूजीसीच्या 2016 च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी.चे सहा विद्यार्थी घेता यायचे. बाईंकडे आम्ही तिघंच. "चौथ्याचं वाचायला रात्र कुठून आणू?" म्हणायच्या.

मला दिवस गेले तेव्हा संशोधन सोडावं लागणार असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीसुद्धा. त्याच नियमांत स्त्री-संशोधकाला 240 दिवसांपर्यंत रजा होती, हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेला कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "अर्ज लिही. मी मेहरबानी करत नाहीये." त्या रजेत त्यांनी एकदाही कामाचं विचारलं नाही. बाळाचं मात्र विचारलं.

परत आल्यावर मी एक शोधनिबंध लिहिला आणि रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते खोडलं. "मी नुसता वाचलाय. वाचणाऱ्याचं नाव लावायचं, तर टायपिंगवाल्याचंही लाव." मला खरं तर त्यांचं नाव हवं होतं, त्या नावानं निबंधाला वजन आलं असतं. पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

पळसदेवकडचे एक काका मला होडीतून नेत. उजनीच्या पाण्याखाली शेत गेल्यावर त्यांच्या वडिलांनी जाळं हातात घेतलेलं. काकांना विचारून त्यांचं नाव ऋणनिर्देशात घालायला बाईंनी लावलं, आणि व्हायव्हा झाल्यावर माझ्यासोबत त्यांच्या घरीही आल्या. जेवणावळ, शाल-श्रीफळ काही करायचं नाही, ही त्यांची अट होतीच. काय सापडलं ते मी काकांना सांगितलं. त्यांनी जाडजूड प्रबंध उलटसुलट करून पाहिला.

"यात भावाचं काय लिहिलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं. "बरोबर विचारलंत," म्हणत बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तिथल्या तिथे काकांना लिलाव, आडत, बर्फाचा खर्च विचारायला सुरुवात केली. त्यांच्याकडची पुढची मुलगी त्याच विषयावर काम करते आहे.