पाऊण फेरा

पाडव्याच्या सकाळी मी गाडीचं ऑइल आधी सोडलं आणि फिल्टरला नंतर हात घातला. पुढचं सगळं या क्रमामुळे घडलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. कराडहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला बहिणीकडे जायचं होतं, मागे बारा वर्षांचा मुलगा. घाटाआधी ताजं ऑइल असावं, एवढाच विचार. गाडी म्हणजे इंटरसेप्टर मोटरसायकल, ६४८ सीसीची. तिचा फिल्टर इंजिनाच्या पुढच्या अंगाला, दोन बेंड पाइपांच्या बेचक्यात असतो. पत्र्याचा छोटा डबा, आतल्या आट्यांवर फिरवून बसवायचा. त्याच्या कडेची रबरी रिंग इंजिनाच्या गुळगुळीत ॲल्युमिनियमवर दाबून बसते, तीच ऑइल अडवते.

हाताने पिळला, हलला नाही. फडकं गुंडाळून पिळला, तरी नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. नवं ऑइल ओतून जुन्याच फिल्टरवर चिपळूण गाठता आलं असतं. हे मला तेव्हाच सुचलंही होतं. पण मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता आणि ‘बाबांना जमलं नाही’ हे मला त्याच्यासमोर नको होतं.

पट्ट्याचा पाना आणला. तो एकाच दिशेला पकड घेतो. बाजूने, वाकड्या हाताने तो घातला आणि उलटा घातला. अंगातला सगळा जोर दोनदा लावल्यावर लक्षात आलं, की फिल्टर सुटत नाही, आणखी आवळतोय.

मग स्क्रू ड्रायव्हर घेतला. डब्यातून आरपार ठोकायचा आणि दांड्यासारखा फिरवायचा, ही युक्ती कितीतरी जणांकडून ऐकली होती. पण हा पत्रा फार पातळ असतो. ड्रायव्हर फिरला, फिल्टर जागचा हलला नाही. भोकापासून पत्रा टरकत गेला, आत साचलेलं कोमट काळं ऑइल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आणखी दोन हिसके दिले आणि डब्याचं वरचं अंग, आतल्या कागदाच्या चुण्यांसकट, माझ्या हातात आलं. इंजिनाला उरली ती नुसती जाड चकती, मधे एक मोठं भोक आणि भोवती बारीक भोकं. आता ऑइल ओतायचीही सोय उरली नाही.

तरीही मी छिन्नी उचलली. पहिला घाव चकतीच्या कडेवर बसला. दुसरा निसटला. चकतीलगतच्या ॲल्युमिनियमवर तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ओरखडा उठला. तो दिसला तेव्हा हातोडी खाली ठेवली. खूप उशिरा.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले, पाडव्याच्या दिवशी, एका फोनवर. त्यांनी आधी सगळं पुसून कोरडं केलं. मग बोथट पंच चकतीच्या कडेला तिरका टेकवला आणि सुटायच्या दिशेने हलके ठोके देत गेले. एका जागी चार, मग थोडं पुढे सरकून चार. वीसेक मिनिटांनी चकती केसभर सरकली. त्यानंतर ती बोटांनी फिरली.

रिंग मात्र तिच्याबरोबर आली नाही. ती इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळ्या ऑइलात काळं रबर. मला ती दिसलीही नसती. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला असता तर दोन रिंगा एकमेकींवर बसल्या असत्या आणि इंजिनाच्या दाबाने ऑइल बाहेर फेकलं गेलं असतं. तिथून निघालेलं ऑइल मागच्या चाकापर्यंत जातं. मिस्त्रींनी बोट फिरवून ती शोधली आणि नखाने सोलून काढली. चपटी, कडक, कोरडी.

‘‘शेवटचा फिल्टर कुणी बसवला होता, सर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सर्विस सेंटरवाल्यांनी,’’ मी म्हणालो.

हे खोटं होतं. मुलाने टॉर्च जरा खाली केला. मागच्या वेळी पाना माझ्या हातात त्यानेच दिला होता. तो काही बोलला नाही, आणि त्याचं ते गप्प राहणं मला सहन झालं नाही. ‘‘नाही, मीच बसवला होता,’’ मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान हलवली, रागावले नाहीत. रिंगेला ऑइल लावलं होतं का? नव्हतं. हातानेच आवळला होता का? नाही, पान्याने. गळतीची भीती वाटली म्हणून शेवटी आणखी एक नेट दिला होता. ती भीती खोटी नव्हती. पण कोरडं रबर आवळताना पिळवटतं, आणि हजारो किलोमीटरच्या उष्णतेने धातूला धरून बसतं. रिंगेला बोटाने ऑइल लावायचं, ती टेकेपर्यंत फिल्टर सहज फिरवायचा आणि पुढे हातानेच पाऊण फेरा. एवढंच त्यांनी मला करून दाखवलं.

ओरखडा रिंग बसते त्या वाटेच्या बाहेर निघाला. त्याची वर आलेली धार त्यांनी बारीक पॉलिश पेपरने घासली आणि कण एकही आत जाऊ दिला नाही. नवं ऑइल भरून इंजिन चालू ठेवलं. फिल्टरच्या कडेने कोरडं बोट फिरवलं, ते कोरडंच राहिलं. तरी भाऊबीजेला आम्ही एसटीने गेलो. माझ्या हातून इतकं घडल्यावर मुलाला मागे बसवून घाट उतरायचं धाडस मला झालं नाही. आठवडाभर गावात गाडी चालवली, रोज खाली वाकून पाहिलं, आणि मग चिपळूणला जाऊन आलो.

तुम्ही घरी फिल्टर बदलत असाल, तर ऑइल सोडण्याआधी तो हाताने सैल होतो का ते पाहा. नाही झाला, तर त्या दिवशी ऑइल सोडू नका. गाडी तशीच मिस्त्रीकडे न्या.