सहा नंबरचे ग्लोव्हज

माझ्या हाताला सहा नंबरचे ग्लोव्हज लागतात. एमएसला सर्जरी घेतली तेव्हा आमच्या ओटीच्या कपाटात सात आणि साडेसातचेच असायचे. बोटांच्या टोकाला रबर लोंबायचं आणि बारीक गाठ मारताना धाग्याबरोबर तेही गुंतायचं. शेवटी सिस्टरांनी गायनॅकच्या ओटीतून सहाची पेटी मागवून घेतली. डॉक्टर बायका तिकडे असतात, हे स्टोअरलाही ठाऊक होतं.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडची. "गायनॅक घे, नाहीतर स्किन. सर्जरीत संसार होत नाही," हे घरच्यांपेक्षा सीनियरांनीच जास्त ऐकवलं. त्यात वाईट हेतू नसायचा. म्हणूनच त्याच्याशी भांडता यायचं नाही. रात्री दोनचं फुटलेलं अपेंडिक्स माझ्या वाट्याला यायचं. दिवसाची ठरलेली थायरॉइड, लॅपरोस्कोपी मुलांकडे जायची आणि मी कॅमेरा धरायची. कॅमेरा धरून हात बसत नाही.

खरी गळती त्यानंतर होते. सहायक प्राध्यापकाला सहयोगी व्हायला चार वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय शोधनिबंध. बाईची मूल होण्याचीही वर्षं नेमकी हीच. मी कंत्राटी होते. बाळंतपणानंतर परतले तेव्हा नेमणूक रखडलेली होती आणि मी ज्या रुग्णांची माहिती गोळा केली, त्यांच्यावरचा पेपर माझ्या नावाशिवाय निघून गेला होता. सासर गडचिरोलीचं, म्हणून इकडे आले. बॅचमधल्या एकीने सरळ सांगितलं, "आता तुझं अकॅडमिक संपलं."

इथे सर्जरी मात्र भरपूर. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्यांचे अस्वलाने फाडलेले चेहरे, झाडावरून पडलेले, वर्षानुवर्षं वाढू दिलेले हर्निया. एटापल्लीकडची एक बाई आली. छातीतली गाठ फुटून जखम झालेली, वर पाला बांधलेला. आशाताईने माडियातून विचारलं तेव्हा कळलं, गाठ दोन पावसाळ्यांपासून होती. आधी एकदा ती दवाखान्यापर्यंत येऊन परत गेली होती, कारण तपासायला पुरुष डॉक्टर होते. बाई सर्जन असणं ही माझ्या बढतीपुरती बाब नाही, हे मला तिच्यामुळे कळलं.

आणि रानात राहून संशोधन होत नाही, असं कुणी म्हणू नये. डॉ. राणी बंग यांनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. तो निबंध 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. हेमलकशात डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ. या दोघींची नावं माझ्या आईलाही माहीत आहेत. पण स्त्रीरोग आणि भूल ही दारं बाईला त्या मानाने लवकर उघडली. जनरल सर्जरीतली अशी एखादी बाई आईला विचारली, तर ती फक्त माझं नाव घेईल (आणि तेही मी तिची मुलगी म्हणून).

चंद्रपूरला 2015 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, गडचिरोलीला 2024 मध्ये. आता आमच्या भागातल्या मुली घरापासून जवळच डॉक्टर होतील आणि त्यातल्या काही सर्जरी मागतील. माझी मागणी साधी आहे, तिला पैसे लागत नाहीत. बाळंतपणाच्या रजेने कुणाची सेवा तुटू नये. दुर्गम भागातली सेवा अध्यापनाच्या अनुभवात काही प्रमाणात तरी धरावी. आणि विभागप्रमुखांनी वर्षातून एकदा रेसिडेंटांची लॉगबुकं शेजारी-शेजारी ठेवून, मुलांनी स्वतः किती केसेस केल्या आणि मुलींनी किती, एवढं मोजावं.