आरपार न दिसणारी काच

आमच्या घरात काचेची परीक्षा सोपी आहे. ती दिसली नाही की पास. सासूबाई खिडकी पुसतात आणि मान तिरपी करून खारघरच्या डोंगराकडे बघतात. डोंगर स्वच्छ दिसला तर काच स्वच्छ. कंदिलाच्या काळात त्यांनी राखेनं घासलेल्या काचांचा हिशोबही याच मापानं झाला असणार. काचेनं मध्ये येऊ नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

पेकिंगच्या बादशहांना मात्र काचेतून पलीकडचं काही बघायचंच नव्हतं. कांगशी बादशहानं १६९६ साली राजदरबाराच्या दिमतीला काचेचा कारखाना काढला आणि तो उभारायचं काम किलियन श्टुम्प्फ नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याकडे दिलं. धर्म पसरवायला आलेला माणूस भट्टीपाशी उभा राहिला. पाद्री युरोपातली काच शिकवत होते, आणि दरबाराला तिच्याकडून भलतंच हवं होतं. तिनं जेडसारखं दिसावं, पोवळ्यासारखं दिसावं, मनशिळेसारखं लालकेशरी दिसावं. थोडक्यात, काचेनं काच असणं सोडून सगळं काही व्हावं. कांगशीचा नातू छियेनलुंग याच्या काळात (१७३६ ते १७९५) ही हौस शिगेला पोचली. पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर चढवायचा, मग जेड कोरणाऱ्या कारागिरांनी चाकावर तो थर कोरून काढायचा, की पांढऱ्यावर लाल कमळं उठून यायची. आणि पिवळा रंग तर खास राजघराण्याचा. अंड्याच्या बलकासारखा दाट, जड पिवळा.

अशा पिवळ्या काचेची एक फुलदाणी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर विकायला आहे, असं एका ओळखीच्यांनी सांगितलं. निघाले. पेंधरकडून येणारी मेट्रो, बेलापूरला हार्बर, सँडहर्स्ट रोडला उतरून चालत चोरबाजार. या वाटेवर जे.जे. रुग्णालय लागतं, ते मी नेहमी रुग्णालय म्हणूनच बघत आले होते. त्या दिवशी त्याचं नाव वेगळं वाचलं. १८४५ सालचं हे रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या जमशेटजी जीजीभाईंनी पैसा मिळवला तो चीनच्या व्यापारात. कापूस आणि अफू इथून कँटनला जायची, आणि येताना जहाजं चहा, रेशीम, चिनी भांडी घेऊन यायची. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यावर घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तिथून होड्यांनी मुंबईला. आमच्या ओवे गावाहून ते बंदर फार लांब नाही. आज तिथल्या खाडीकडे पाहून कोणाला कँटन आठवणार नाही, मलाही आठवलं नव्हतं. पण मुंबईतल्या जुन्या पारशी घरांतून चिनी वस्तू बाजारात येतात तेव्हा त्यांच्या मागे कुठेतरी पनवेलच्या धक्क्यावरचा चिखलात रुतलेला गाडीवान आहे, असं मला वाटतं. त्याला बिचाऱ्याला फुलदाणीचं काय!

दुकानात फुलदाणी पितळी समया आणि ग्रामोफोनचा कर्णा यांच्यामध्ये उभी होती. वीतभर उंच, आठ कोनांची, मान बारीक. हातात घेतली आणि आधी कळलं ते वजन. काच एवढी जड असू शकते हे हाताला पटत नाही. पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, कोन मात्र धारदार नव्हेत, किंचित मवाळ. दुकानदारानं मोबाइलचा टॉर्च तोंडातून आत सोडला तशी ती आतून पेटल्यासारखी झाली आणि भिंतीत अडकलेले बारीक बुडबुडे दिसले. उलटी केली. बुडाला चौकोनात चार चिनी अक्षरं कोरलेली. छियेनलुंगच्या कारकिर्दीत बनवलेली, असा त्यांचा अर्थ. ही अक्षरं मी पुस्तकात एवढ्यांदा पाहिली आहेत की आता चिनी न येताही ओळखते. दुर्दैवानं ती कोरणाऱ्यांनाही तेवढीच पाठ आहेत. शांतुंग प्रांतातल्या पोशान गावात काचेचे कारखाने शतकानुशतकं चालत आले आहेत आणि छियेनलुंगनंतरही छियेनलुंगचा शिक्का बिनदिक्कत उठत राहिला आहे. मी बोट फिरवलं ते अक्षरांवर नाही, बुडाच्या कडेवर. दोनअडीचशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या कडेला आडवेतिडवे, वेगवेगळ्या खोलीचे ओरखडे असतात. इथे ते सगळे एकाच दिशेचे होते, पॉलिश पेपर मारावा तसे.

तरी सोडवत नव्हती. खोटी असली तरी पिवळा खरा होता.

“कहां से आयी?” मी विचारलं.

“चायना के राजा की है, मॅडम.”

“वो ठीक, पर इधर कैसे?”

यावर त्यानं फक्त हात पसरले. खरं म्हणजे अस्सल राजवाडी काचेबद्दलही हा प्रश्न विचारला तर जगातल्या भल्याभल्या लिलावघरांना अवघड जातं. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंग युआन हा उन्हाळी राजवाडा लुटला, इंग्रजांनी तो पेटवून दिला. लुटीचा लिलाव इंग्रज लष्करानं पेकिंगजवळच केला. अस्सल म्हणजे स्वच्छ, असं नाही. दुकानातली ही नक्कल त्या अर्थानं जास्त निष्पाप होती.

आणि याहूनही जुनी, कांगशीच्या वेळची खरी मिळाली असती तरी ओव्याला नेली असती का? त्या वेळच्या काचेत क्षार जास्त आणि चुना कमी पडत असे. अशी काच दमट हवेत घाम सोडते, मग तिच्या अंगावर केसाएवढ्या भेगांचं जाळं उठतं आणि ती आतून पांढुरकी होत जाते. ओव्यात जुलैमध्ये पापड संध्याकाळपर्यंत सादळतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

किंमत त्यानं लाखात सांगितली आणि माझा चेहरा बघून तीन वाक्यांत हजारांवर आणली. मी म्हटलं, शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती विकायला परवाना लागतो. बिलावर काय लिहिणार?

तो जराही अडखळला नाही. “ग्लास शोपीस, येलो. वन पीस.”

“और राजा?”

“राजा का अलग से नहीं लेता मैं.”