कानातलं हाड

अपाय नाही तर कापायचं कशाला, या मताचा मी. त्यामुळे उजव्या कानाच्या नळीत हाडाची गाठ निघाली, पण ती कॅन्सरची नाही, हे कळल्यावर मी शस्त्रक्रियेचा विषयच मिटवून टाकला होता.

पोहण्यामुळे झालं असणार, हे मुलुंडच्या घरचं निदान. घाटकोपरच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी ते मोडीत काढलं. साधारण 19 अंशांखालच्या गार पाण्यात वर्षानुवर्षं डुंबणाऱ्यांच्या कानांत हाडाचे उंचवटे येतात खरे. पण ते बहुधा दोन्ही कानांत, एकाहून अधिक आणि रुंद बुडाचे. (2019 सालच्या एका अभ्यासात 23 निअँडरथल माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या कानांत ते सापडले. घराणं जुनं आहे!) मुंबईचा समुद्र थंडीतही इतका गार पडत नाही. माझी गाठ एकाच कानात, देठावर उभी, म्हणजे ऑस्टिओमा. शलाका लावली की टणक लागते. देठ कुठून फुटलाय ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं.

डॉक्टरांनाही घाई नव्हती. त्रास नसेल तर अशा गाठीवर नुसती नजर ठेवतात. पावसाळा लागला आणि त्रास सुरू झाला. आपल्याकडच्या दमट हवेत धडधाकट कानातही बुरशी धरते. माझ्या तर गाठीमागे गेलेलं पाणी बाहेरच येईना. मळ साचायचा, दडे बसायचे, औषधाचे थेंब आत पोचायचे नाहीत. लोकलमध्ये उजवीकडचा माणूस काय म्हणतोय ते कळेनासं झालं.

तरी मन पालटलं ते ठणक्याने नाही. "गाठीची मला काळजी नाही. तिच्यामागचा पडदा मला दिसत नाही, त्याची आहे," असं डॉक्टर म्हणाले. नळीतली मेलेली कातडी एरवी आपोआप बाहेर सरकते. वाट अडली की ती आतच साठते आणि हळूहळू भोवतालचं हाड पोखरू शकते. मी आजवर विचार केला होता तो फक्त गाठीचा.

मग मी शस्त्रक्रियेबद्दल खोदून विचारलं. गाठीवरची पातळ कातडी आधी सोलून बाजूला ठेवायची, मग देठ बारीक छिन्नीने तोडायचा किंवा हिऱ्याच्या बरने, म्हणजे फिरत्या टोकाने, घासायचा. पुढे जबड्याचा सांधा, मागे चेहऱ्याची नस, आत पडदा. जागा इतकी अरुंद, की धोका कमी असला तरी शून्य नाही, हे त्यांनी लपवलं नाही. शेवटी ती कातडी परत हाडावर पसरायची, नाहीतर वण धरून नळी आवळते. काढून टाकण्याइतकीच राखण्याचीही ही कारागिरी आहे, हे मला पटलं. मी तारीख मागितली, पण दिवाळीनंतरची.